कंबरेचे दुखणे आणि लाजेचे ओझे

मोहाडी तालुक्यात धानाची रोवणी वाकून होते, पोती पाठीवरून चढतात. कंबर मोडते ती कष्टकऱ्याचीच! कंबरेच्या मणक्यातून खाली जाणाऱ्या मज्जातंतूंवर लघवी, शौच आणि कामजीवन अवलंबून असते. मणक्यातील गादी सरकून ते दबले, की स्त्री असो वा पुरुष, संसारसुख हरवते. मग आमची माणसे लाजेने गप्प बसतात, नाहीतर ‘मर्दानगी’च्या तंबूत लुबाडली जातात. अशा औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे, हे आम्ही वकील म्हणून बजावतो. जांघांमध्ये बधिरता आली, लघवी अडली, तर त्याच दिवशी भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठा. उशीर झाल्यास नुकसान कायमचे! लाज रोग्याने नव्हे, लुबाडणाऱ्याने बाळगावी.