न्यूझीलंडमधील निर्वाचनपद्धती व पक्षपद्धती

न्यूझीलंडमध्ये १८५२ च्या संविधान अधिनियमाने प्रतिनिधिगृह स्थापन झाल्यापासून निर्वाचनाचे नियम व राजकीय पक्ष यांचा विकास परस्परांच्या प्रभावाने होत गेला. मताधिकाराचा विस्तार, द्विपक्षपद्धतीचे स्थिरीकरण आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा स्वीकार हे त्याचे तीन प्रमुख टप्पे होत.

पहिली निवडणूक १८५३ मध्ये झाली. मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या २१ वर्षांवरील पुरुषांनाच तीत मताधिकार होता. माओरींची जमीन बहुधा सामूहिक मालकीची असल्याने त्यांपैकी बहुतेक या अटीत बसत नसत. म्हणून १८६७ मध्ये त्यांच्यासाठी चार स्वतंत्र जागा निर्माण करण्यात आल्या. मालमत्तेची अट १८७९ मध्ये सर्वच प्रौढ पुरुषांसाठी रद्द झाली. केट शेपर्ड प्रभृतींच्या चळवळीमुळे १८९३ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. निवडणूक लढविण्याचा हक्क मात्र त्यांना १९१९ मध्ये लाभला.

आरंभी प्रतिनिधिगृहात संघटित पक्ष नव्हते. जॉन बॅलन्स यांच्या नेतृत्वाखाली १८९१ मध्ये उदारमतवादी पक्षाचे शासन आले, तेव्हापासून पक्षीय राजकारण दृढ झाले. मजूर पक्ष १९१६ मध्ये स्थापन झाला व १९३५ मध्ये तो सत्तारूढ झाला. त्यास तोंड देण्यासाठी दोन विरोधी पक्षांनी एकत्र येऊन १९३६ मध्ये नॅशनल पक्ष स्थापला. एकसदस्य मतदारसंघ व साधे मताधिक्य या पद्धतीत लहान पक्षांना फारसा वाव नसल्याने पुढील सहा दशके सत्ता या दोन पक्षांतच फिरत राहिली.

या पद्धतीतील विसंगती १९७८ व १९८१ मध्ये तीव्रतेने जाणवली. दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षास अधिक मते मिळूनही बहुमत नॅशनल पक्षास लाभले. १९८१ मध्ये २० टक्क्यांहून अधिक मते मिळविणाऱ्या सोशल क्रेडिट पक्षास ९२ पैकी केवळ दोन जागा मिळाल्या. वरिष्ठ सभागृह १९५० च्या अधिनियमाने रद्द झाले असल्याने बहुमतातील मंत्रिमंडळावर फारसा अंकुश नव्हता. १९८६ मध्ये शाही आयोगाने मिश्र प्रमाणशीर पद्धतीची शिफारस केली. दोन्ही प्रमुख पक्षांतील अनेक नेत्यांचा विरोध असतानाही १९९३ च्या सार्वमतात सु. ५४ टक्के मतदारांनी ती स्वीकारली.

या पद्धतीत मतदार एक मत पक्षास व दुसरे मतदारसंघातील उमेदवारास देतो. ५ टक्के पक्षमते किंवा मतदारसंघातील एक जागा मिळविणाऱ्या पक्षास पक्षमतांच्या प्रमाणात जागा मिळतात. १९९६ मध्ये ही पद्धती प्रथम अंमलात आली व संमिश्र किंवा अल्पमतातील शासने रूढ झाली. २०२० मध्ये मजूर पक्षास मिळालेले स्वबळावरील बहुमत हा अपवाद होय. २०११ च्या सार्वमतात ही पद्धती कायम ठेवण्यात आली. माओरी जागांची संख्या माओरी मतदारयादीनुसार ठरू लागली व २००२ पासून ती सात झाली.

दोन्ही प्रमुख पक्ष जुन्या पद्धतीचे लाभधारक होते. त्यामुळे हा बदल केवळ प्रतिनिधिगृहाच्या निर्णयाने घडणे कठीण होते. तो सार्वमताने घडून आला, हे या देशाच्या निर्वाचनविषयक इतिहासाचे वैशिष्ट्य होय.