लेकीच्या बाळंतपणाची बॅग: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी दुबई, लंडन, मेलबर्न गाठणाऱ्या आया आता नाशिकच्या कॉलन्या-कॉलन्यांत भेटतात. तिकीट आणि व्हिसा मुलं बघतात, बॅग मात्र आईच भरते. रविवार कारंज्यावरून डिंक, खारीक, खसखस, अळीव, बाळंतशेपा येतो, घरी लाडू वळले जातात आणि शेजारच्या काकू सांगून जातात, "आम्ही सगळं नेलं होतं, कोणी काही म्हटलं नाही." सगळ्यात जास्त घात करतो तो हा सल्ला. काकू गेल्या होत्या न्यू जर्सीला आणि तुम्ही निघालात दुबईला. देश बदलला की नियम बदलतो, आणि नियमामागचं कारणही.

"लाडवात असते कितीशी खसखस, एवढ्याला कोण विचारतंय?" संयुक्त अरब अमिरातीत विचारतात. खसखस अफूच्या बोंडातली, त्यामुळे तिथे तिच्यावर बंदी आहे. आपल्याकडे ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते हा बचाव तिथे चालत नाही; भारतीय प्रवाशांना यापायी कोठडी पाहावी लागली आहे. बॅगेतून पुडी काढली की झालं, असंही नाही. डिंकाच्या लाडवात, करंजीच्या सारणात, अनारशाच्या पाठीवर, कितीतरी घरांच्या काळ्या मसाल्यात ती असतेच. दुबईला जायचं असेल तर लाडू खसखशीशिवाय वळा, आणि मसाला विकतचा असेल तर पाकिटावरचे घटक वाचून मगच घ्या.

औषधांचंही तसंच. डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणजे कुठेही चालतं, हे खरं नाही. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका. मूळ पट्टी ठेवा, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. रोजची औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवं. मोठी बॅग एखादा दिवस उशिरा येऊ शकते, शिवाय खालच्या कप्प्यातल्या थंडीनं इन्सुलिन गोठून निकामी होण्याची भीती असते.

मेलबर्नला निघालेल्यांचा गैरसमज वेगळा असतो: "काय आणलंय ते सांगितलं की काढून घेतात, म्हणून गप्प राहावं." ऑस्ट्रेलियात याच्या नेमकं उलट आहे. तिथल्या प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला "हो" अशी खूण केली आणि वस्तू अधिकाऱ्याला दाखवली, तर फार तर ती वस्तू जाते, दंड होत नाही. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. २०१९ पासून तर अशा कारणासाठी पर्यटकाचा व्हिसा रद्द करण्याचीही तरतूद आहे आणि त्याच वर्षी सिडनी विमानतळावरून एका प्रवासी महिलेला परत पाठवण्यात आलं.

इतकी कडक भूमिका कशासाठी, हे आपल्याला तरी समजायला हवं, कारण त्यामागे आपल्याच कोठारातली एक कीड आहे. खापरा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. त्याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं फटींमध्ये निपचित पडून राहते आणि साध्या कीटकनाशकांना दाद देत नाही. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या गोदामांत सापडला, तेव्हा त्याचा नायनाट करायला १९६६ उजाडलं. म्हणून ऑस्ट्रेलियानं प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, जिरं, धणे, बडीशेप आणि वाळलेल्या मिरच्या आणायला मनाई केली आहे. अमेरिकेतही २०११ पासून आपल्याकडचा तांदूळ सामानातून नेता येत नाही. एका आईच्या पिशवीतली पावशेर डाळ कुणाच्या शेताला काय करणार, असं वाटतं खरं. पण कीड एका पिशवीतूनच जाते. कारखान्यात भाजलेले, तळलेले, पाकीटबंद पदार्थ वेगळे धरले जातात, पण तेही कार्डावर लिहायचेच.

"सीलबंद पाकीट, वर लेबल, म्हणजे चिंता नाही" ही समजूत लंडनला फसते. ब्रिटनमध्ये भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे दोन्ही गेले, डबा घरचा असो की नामांकित डेअरीचा. याचं कारण आपल्याकडे गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत रोग. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये याच रोगाची साथ आली, तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. ते आठवलं की तुपाच्या बरणीवरून रागवावंसं वाटत नाही. बाळंतिणीला तूप हवं तर ते लंडनच्या वेम्बलीत मिळतं, मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये मिळतं, तूरडाळही मिळते. आईच्या हाताची चव बॅगेतूनच न्यायला हवी असं नाही, ती तिथल्या गॅसवरही उतरते.

काही गोष्टी मुंबईच्या विमानतळावरच अडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत, तीही १०० वॅट-तासांपर्यंत. लोणच्याची बरणी हातात नको. निरोप द्यायला आलेल्यांनी बॅगा जाईपर्यंत थांबावं, म्हणजे काढावी लागलेली वस्तू नाशिकला परत तरी येईल.

मिक्सर नेणाऱ्यांसाठी एक सांगणं. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. दुबई-लंडनला दाब आपल्यासारखाच, तिथे चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेत मात्र १२० व्होल्टवर आपला मिक्सर धड फिरतही नाही.

राहिले पैसे आणि पासपोर्ट. आपला पासपोर्ट छापला जातो नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आणि नोटाही तिथेच शेजारी, पण दोन्हींचे नियम एक नाहीत. भारतीय रुपये सोबत न्यायचे तर २५ हजारांपर्यंत. परकीय चलन रोखीनं एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरपर्यंत, बाकीचं कार्डावर. पासपोर्टची मुदत अजून संपलेली नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. अमिरातीसह अनेक देशांना ती किमान सहा महिने शिल्लक लागते, आणि बाळाची तारीख पुढेमागे झाली की मुक्कामही लांबतो. मुदत जवळ आली असेल तर लाडवांच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज भरा.