अरबी पंगतीतील जैन पान

तुंगार्लीच्या बंगल्यांत शनिवार-रविवार घालवण्यास मुंबई-पुण्याहून येणाऱ्या जैन कुटुंबांची भोजनव्यवस्था एके काळी ठरलेली असे. घरचा महाराज सोबत येई, डबे गाडीत असत, पाणी उकळून गाळले जाई. आता दोन दिवसांतील एक जेवण तरी बाहेर व्हावे असा धाकट्यांचा आग्रह असतो, आणि दुबईस जाऊन आलेल्या नातवंडांच्या तोंडी हमस, फलाफल, बकलावा हीच नावे असतात. त्यांना उंची अरबी भोजनगृह परके वाटत नाही. परके वाटते ते आजींना. पितळी दिवे, जाड गालिचे, भारी दर, आणि या साऱ्यात त्या ‘मला भूक नाही’ असे सांगून लिंबूपाण्याचा पेला पुढे घेऊन बसतात. भूक असते. पानात घेण्यासारखे काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वस्तुतः सागरापलीकडच्या जगाशी या परिसराचा आणि आपल्या समाजाचाही संबंध जुना आहे. मावळातून कोकणच्या बंदरांकडे उतरणारा व्यापारी मार्ग दोन हजार वर्षांपूर्वीही वाहता होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत, तर कामशेतजवळील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा लेख आहे. महाराष्ट्रातील प्राचीनतम जैन लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. पुढे मुंबईच्या जव्हेऱ्यांनी बसरा मोत्यांचा व्यापार केला तो आखाताशीच. त्या किनाऱ्यावर भारतीय रुपया इतका रुळला होता, की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला केवळ तेथील वापरासाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो व्यवहार जवळजवळ संपला. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या हिशेब केले, त्यांच्या पंगतीस बसण्याचा प्रसंग मात्र आपल्या आजोबांवर क्वचितच आला असावा.

आता पानाकडे वळू. ‘हुम्मुस’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. शिजवलेले काबुली चणे आणि तिळाचा ताहिना वाटून, लिंबू पिळून, वर ऑलिव्ह तेल सोडले की हमस झाले. त्यात आपल्याला अडणारी वस्तू एकच, लसूण. आणि ती वगळणे सर्वस्वी स्वयंपाक्याच्या हाती आहे. ज्या श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीनंतर तीळ वर्ज्य असतात, त्यांनी मात्र ताहिना लक्षात ठेवावा. फलाफलचे तसे नाही. भिजवलेले चणे कांदा-लसणीसह आधीच वाटून ठेवलेले असतात, त्यामुळे ‘यातला कांदा काढून द्या’ ही विनंती निरर्थक ठरते. ते आदल्या दिवशी सांगावे लागते. शिवाय ज्या तेलात मांसाहारी पदार्थ तळले त्याच तेलात फलाफल सोडले जात असेल, तर मेनूवरील हिरव्या चिन्हाचा आपल्याला काय उपयोग?

सर्वांत कमी विचारली जाणारी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट द्विदळाची आहे. अरबी भोजनाचा आरंभ मेझे नावाच्या लहान वाट्यांनी होतो, आणि एकाच तबकात हमसशेजारी लब्ने येते. लब्ने म्हणजे आपला चक्काच. चणे आणि न तापवलेले दही एका घासात घेणे म्हणजे द्विदळ. कंदमुळे कटाक्षाने टाळणारी कुटुंबेही येथे नकळत चुकतात. वाट्या निराळ्या मागवाव्यात, आणि नियम पाळणाऱ्याने दोहोंपैकी एकच घ्यावी. बाबा गनूश वांग्याचे, म्हणून अनेक घरांत वर्ज्यच. हलूमी या चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, तेव्हा वेष्टनावरील मजकूर पाहून सांगण्यास कर्मचाऱ्यास सांगावे. मसूर डाळीचे सूप आणि केशरी भात दिसायला निरुपद्रवी. परंतु ते मांसाच्या रश्श्यात शिजवण्याची पद्धत आहे, हे विचारल्यावाचून कळत नाही.

मग उरते काय? पुष्कळ उरते. हलब शहराची मुहम्मरा ही भाजलेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसाची चटणी. लसूण न घालता ती अधिकच खुलते. झातर, म्हणजे सुवासिक पाने, तीळ आणि आंबट सुमाक यांचे मिश्रण, पसरलेली मनाकीश ही भाजलेली रोटी. खमिराचे पीठ ज्यांना चालते त्यांच्यासाठी उत्तम. कांदा व मुळा वगळलेले फत्तूश. हे सारे निवडून मांडले की आजींच्या पानात रिकामी जागा राहत नाही.

वेळेचा प्रश्न त्याहून अवघड. लोणावळ्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. आणि उंची भोजनगृहांचे रात्रीचे जेवण बहुधा सातनंतर सुरू होते. चौविहार करणाऱ्यांसाठी दुपारचीच वेळ योग्य. हे संकोचाने सांगण्याचे कारण नाही. रमजानमध्ये सूर्यास्ताची वाट पाहून उपवास सोडण्याची परंपरा ज्या खाद्यसंस्कृतीत आहे, तिथल्या आचाऱ्यास सूर्याच्या हिशेबाने जेवणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की ते मावळल्यावर आरंभ करतात आणि आपण त्यापूर्वी आटोपतो.

यासाठी दूरध्वनी आदल्या दिवशी करावा, आणि तो मुख्य आचाऱ्याशी. ‘जैन जेवण’ एवढे दोन शब्द पुरत नाहीत. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ केवळ कांदा-लसूण-बटाटा नाही, इतकाच घेतला जातो. वर्ज्य वस्तू नावानिशी सांगाव्यात आणि लिहूनही पाठवाव्यात. तळण्याचे तेल, भांडी आणि पळ्या निराळ्या असतील का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर आभार मानून बंगल्यावरच्या महाराजांना तयारीस लावावे. देयकाविषयीही एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: सेवाशुल्क ऐच्छिक आहे, आणि मोठ्या तारांकित हॉटेलातील भोजनगृहात वस्तू व सेवा कर ५ ऐवजी १८ टक्के लागू शकतो. भोजनावरील कराचा परतावा सामान्यतः मिळत नाही; पाहुण्याचे जेवण धंद्याच्या नावे दाखवले तरीही.

गोडाच्या वेळी बकलाव्याचा पाक साखरेचा की मधाचा, हे विचारावेच. मुहल्लबिया हा तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठाने घट्ट केलेला, गुलाबपाण्याचा दुधाचा पदार्थ आपल्या फिर्नीचा भाऊ शोभतो. वरचा पिस्ता सोडला तर त्याचा रंग पांढराशुभ्र असतो, आणि ऊन मागच्या डोंगरावर असतानाच तो टेबलावर आला, तर पहिला चमचा बहुधा आजींचाच असतो.