चैत्राला नाव देणारा चित्रा तारा: दिसतो एक, आहेत दोन!

चैत्र पौर्णिमेच्या रात्री चंद्राच्या जवळपास एक ठळक, निळसर-पांढरा तारा दिसतो. तोच चित्रा. चैत्र महिन्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं. इंग्रजीत त्याला स्पायका म्हणतात.

तो शोधायचा कसा? सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत न्या. आधी नारिंगी स्वाती लागेल, त्याच वळणाने आणखी पुढे गेलात की चित्रा. मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो महाराष्ट्रातून दक्षिणेला उंचावर असतो. शहरातल्या गच्चीवरूनही सहज दिसतो.

गंमत अशी की हा एक तारा नाहीच. चांगल्या दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसतो, पण तिथे दोन तारे आहेत. मग कळलं कसं? 1890 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ हरमान फोगल यांनी चित्राच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातल्या काळ्या रेषा कधी निळ्या बाजूला, कधी लाल बाजूला सरकत होत्या. जवळ येणाऱ्या रेल्वेचा भोंगा चढा आणि लांब जाताना खालच्या पट्टीत ऐकू येतो ना, तसंच प्रकाशाचंही होतं. म्हणजे तारा आपल्याकडे येत होता आणि परत लांब जात होता. त्याला फिरवणारा जोडीदार असणारच!

हे दोघे फक्त चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. त्यांच्यातलं अंतर सूर्य-बुध अंतराच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या जवळिकीमुळे ते गुरुत्वाकर्षणाने ताणले जाऊन अंड्यासारखे झालेत.

आणि निळसर रंग? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. त्याहून तापमान वाढलं की रंग निळ्याकडे झुकतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस, तर चित्रातल्या मोठ्या ताऱ्याचा सुमारे 25,000. त्याचं वस्तुमान सूर्याच्या दहापटीहून जास्त आहे, त्यामुळे त्याचा शेवट स्फोटाने होईल. घाबरू नका, त्याला अजून लाखो वर्षं आहेत आणि अंतरही सुमारे 250 प्रकाशवर्षं आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश पेशवाईच्या काळात निघालेला आहे.

पंचांगातही त्याचं वजन आहे. चित्राच्या बरोबर समोरचा बिंदू राशिचक्राचा आरंभ धरणाऱ्या पद्धतीला चित्रापक्ष म्हणतात. आज बहुतेक निरयन पंचांगं तीच वापरतात.