शिकागोहून वार्तापत्र : ग्रंथ बोलतो, निवाडा वाचणारा देतो

चांद्याच्या वाचकाला ग्रंथप्रामाण्याचा वाद नवा नाही. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. शास्त्रांचे नवे अर्थ लावून भागणार नाही, त्यांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, हे त्यांनी 1936 सालीच बजावले होते. अमेरिकेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेमके दुसऱ्या टोकाला उभे आहेत. पोप त्यांना मान्य नाही, परंपरा दुय्यम; शेवटचा शब्द बायबलचा. पण कोणताही ग्रंथ स्वतः उठून निवाडा देत नाही. तो वाचणारा देतो, आणि या पंथाचे बळ काय, भांडणे काय, दोन्ही तिथूनच निघतात.

ही माणसे शब्दन् शब्द अक्षरशः घेतात, हा समज ढोबळ आहे. 1978 साली याच शिकागोत बायबलच्या बिनचूकपणाचा जाहीरनामा निघाला. त्यावर सुमारे तीनशे जणांच्या सह्या आहेत. त्याची 19 कलमे वकिली काळजीने लिहिलेली आहेत. बिनचूकपणा मूळ हस्तलिखितांचा (ती आज कोणाकडेच नाहीत, ही गंमत वेगळी), आकडे ढोबळ चालतील, रूपक रूपक म्हणूनच वाचायचे. चर्चमध्ये पास्टर एकेक वचन घेऊन ते कोणी, कोणाला, कधी लिहिले हे उलगडतो आणि समोरचे लोक मांडीवरच्या बायबलमध्ये किंवा मोबाइलवर ते पडताळत जातात. बायबलच्या अनेक प्रतींत पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीपा असतात. पुष्कळांचा 'बायबलचा अर्थ' खरे तर या टीपांमधूनच आलेला असतो.

मग सोयीचा अर्थ काढायला रान मोकळेच की, असा आक्षेप येईल. त्याला आधारही आहे. इव्हँजेलिकलांमधला सदर्न बॅप्टिस्ट हा इथला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ 1845 साली गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेऊन वेगळा झाला, तोही बायबलचे दाखले देत; माफी मागायला 1995 उजाडले. पण गुलामगिरीचे विरोधकही त्याच ग्रंथातला इस्राएलच्या सुटकेचा वृत्तांत पुढे करत होते. सामान्य माणसाच्या हाती ग्रंथ दिला की तो धर्माधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. चांद्यात मिशनचे काम केलेले नेहेम्या गोरे चर्चची परंपरा अनिवार्य मानत. पंडिता रमाबाईंनी मात्र इंग्लंडमधल्या, आपल्याला गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती जोगिणींनाही ऐकवले की स्वतः वाचून पटेल तेवढेच मानीन. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल 1924 साली केडगावला छापून झाले. म्हणून हवा तो अर्थ काढता येतो हे खरे असले, तरी तो खोडायचे हत्यारही त्याच पानांत असते.

सध्याचा वाद स्त्रियांनी पास्टर व्हावे की नाही, हा आहे. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन सदर्न बॅप्टिस्टांनी 2023 साली स्त्रियांना पास्टर नेमणाऱ्या, कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चला बाहेर काढले. सॅडलबॅकचा युक्तिवादही बायबलवरच उभा होता. पुढच्याच वर्षी स्त्री पास्टरांवरची बंदी पंथाच्या घटनेत घालण्याच्या दुरुस्तीला सुमारे 61 टक्के मते पडली. दोनतृतीयांश लागत होती, त्यामुळे ती फेटाळली गेली.