पटकीच्या जंतूंची शिरगणती

पटकी, म्हणजे कॉलरा. या रोगाचा जंतू इतका लहान, की पाचशे जण एकामागे एक झोपवले तरी रांग जेमतेम एक मिलिमीटरची! त्याला कान नाहीत, तोंड नाही, डोकं तर नाहीच. तरी आपले भाईबंद आसपास किती आहेत, हे त्याला बरोबर कळतं.

कसं? रसायनांवरून. प्रत्येक जंतू थोडं थोडं रसायन सतत बाहेर सोडत असतो. देवळात एकच उदबत्ती लावली तर वास हवेत विरून जातो. शंभर लावा, दाराबाहेरच्यालाही कळेल. तसंच हे. जंतू वाढले की रसायन साचतं आणि त्यांच्या वेष्टणातले संवेदक जागे होतात. यातलं एक रसायन खास पटकीच्या गोतावळ्यातलं, तर दुसरं परक्या जातींनाही समजणारं. या दुसऱ्यात चक्क बोरॉन असतं, आपण कॅरमवर भुरभुरतो त्या बोरिक पावडरीतलं!

बरेच रोगजंतू संख्या वाढेपर्यंत गप्प बसतात आणि मग एकदम हल्ला करतात. पटकीवाल्यांचं सगळंच उलटं. थोडे असतात तेव्हाच ते आतड्याला चिकटतात आणि विष सोडतात. (हे विष 1959 साली कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी शोधलं.) गर्दी झाली, की विष बंद, चिकटपणा बंद, चला बाहेर! रोग्याला पाण्यासारखे जुलाब होतच असतात. त्यांच्याबरोबर जंतू निघाले नव्या माणसाच्या शोधात. लबाड आहेत की नाही?

पण त्यांच्यावरही कुणीतरी पाळत ठेवून असतं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात बॉनी बॅसलर आणि जस्टिन सिल्पे यांना 2018 साली एक विषाणू सापडला. तो जंतूच्या पोटात मुकाट पडून राहतो आणि जंतूंचे निरोप चोरून ऐकतो. गर्दी झाल्याचं कळलं रे कळलं, की आपल्या शेकडो प्रती काढतो आणि जंतूला फोडून बाहेर पडतो. नवी शिकार शेजारीच असते ना!

मग बॅसलरबाईंच्या गटाने या विषाणूचा कानच बदलला. आता शास्त्रज्ञ ठरवतील तो इशारा मिळाला, की तो जंतूंवर तुटून पडतो. प्रयोगशाळेत त्याने साल्मोनेला या दुसऱ्या रोगजंतूचाही फडशा पाडलाय.