अंगठा मिळाला, होकार मिळाला का?

सायकॉलॉजीचं प्रोजेक्ट, हातात प्रश्नावली आणि डोक्यावर सबमिशन. अशा वेळी डहाणू-तलासरीतले पाडे 'सॅम्पल' म्हणून सोपे वाटतात. गुरुजींनी सांगितलं की मुलं रांगेत बसतात, आईबाप अंगठा देतात. याला संमती म्हणायचं का?

१९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांचा एक प्रयोग गाजला. 'अल्बर्ट' या तान्ह्या बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. बाळ उंदराला घाबरू लागलं. ती भीती घालवायची तसदी कुणीच घेतली नाही.

आज नियम आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागतेच; शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार हवा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. मधेच कुणी 'नको' म्हटलं, तर तिथेच थांबायचं.

कोसबाडला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून इथे आल्या. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. जुळवून घेतलं ते मोठ्यांनी.

म्हणून फॉर्म काढण्याआधी मुलांच्या बोलीत सांगा: ही परीक्षा नाही, नाही म्हटलंस तरी कुणी रागावणार नाही. गुरुजींना जरा बाहेर थांबायची विनंती करा. निष्कर्ष निघाले की पाड्यावर जाऊन सांगा. सॅम्पल दोन-चारने घटलं, तर फार तर एखादा मार्क जाईल.